घरी व्होडका, जिन, रममध्ये फ्लेवर मुरवताना हमखास पडणारे प्रश्न

ठाण्यातले, नवी मुंबईतले ओळखीचे लोक सारखं तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. कॉकटेलसाठी महागडे फ्लेवर्ड बाटल्यांचे सेट मागवायची खरंच गरज नाही, जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये अर्धा तास फिरलात तरी महिनाभर पुरेल इतकं सामान पिशवीत येतं. माझं एक ठाम मत आहे आणि ते खाली पुन्हा पुन्हा येणार आहे, ते म्हणजे इन्फ्युजन लोणच्यासारखं ठेवून ठेवून चांगलं होत नाही. रोज चाखायचं आणि चव बसली की त्याच मिनिटाला गाळायचं.

इन्फ्युजन म्हणजे घरी दारू गाळणं झालं का?

नाही हो. दुकानातून आणलेल्या सीलबंद दारूत साल, फळ, मसाला, चहा असं काहीतरी भिजत घालायचं आणि नंतर काढून टाकायचं, एवढंच आहे. काही आंबवत नाही, उकळून वाफ धरत नाही, त्यामुळे नवीन अल्कोहोल तयार होत नाही आणि मिथेनॉल तयार होईल ही भीती पण नको.

हे जमतं कसं, तर लिंबाच्या सालीतलं तेल, लवंगेतलं युजेनॉल, मिरचीतलं कॅप्सेसिन या गोष्टी पाण्यात धड विरघळत नाहीत पण अल्कोहोलमध्ये पटकन उतरतात. आणि व्होडका म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे फळातली साखर, आंबटपणा, रंग हे पण येतं. म्हणून एकाच बरणीत दोन्ही प्रकारची चव मिळते.

यात नवीन फॅड वगैरे काही नाहीये. जपानमध्ये घरोघरी उमेशू करतात, कच्ची उमे फळं (आलुबुखारासारखी, आंबट), खडीसाखर आणि ३५ टक्क्यांची पांढरी दारू, सहा महिने ते वर्षभर मुरवायची. इटलीत लिंबाच्या सालीचं लिमोनचेल्लो आहे, इंग्लंडमध्ये स्लो नावाच्या आंबट रानफळांची स्लो जिन. आपल्याकडे तर इतकी फळं आणि मसाले आहेत की आपण हे आधीच घरोघरी का करत नव्हतो असं मला वाटतं.

कायद्याचं काय? वय, परमिट वगैरे?

महाराष्ट्रात व्हिस्की, रम, व्होडका, जिन यांसाठी वय २५ पूर्ण लागतं. २१ आहे ते बिअर आणि वाईनसाठी, यात लोकांचा नेहमी गोंधळ होतो. दारू बाळगायला आणि प्यायला परमिट लागतं, एक दिवसाचं, वर्षाचं आणि आयुष्यभराचं असं मिळतं, काढून ठेवा, डोक्याला ताप नाही राहत.

आणि हे स्पष्ट सांगते, विकायचं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर "होममेड जांभूळ व्होडका, ऑर्डर घेते" असं टाकायचं नाही, दिवाळी हॅम्पर म्हणून पैसे घेऊन द्यायचं नाही, लायसन्सशिवाय दारू विकणं हा गुन्हा आहे. घरी डिस्टिल करणं तर अजिबातच नाही. स्वतःपुरतं करा.

कुठली दारू घ्यायची? स्वस्तातली चालेल का?

मधल्या किमतीची घ्या. खूप स्वस्त व्होडकाचा घशाला टोचणारा वास असतो तो कशानेच झाकला जात नाही, आणि खूप महागाची घेतलीत तर तिची स्वतःची नाजूक चव लवंगेखाली मरून जाते, म्हणजे पैसे वाया. पहिल्यांदा करताय तर व्होडकाच घ्या कारण तिची स्वतःची चव सगळ्यात कमी. जिनमध्ये ज्युनिपर (जिनला तिची चव देणारं फळ) आधीच असतं त्यामुळे तिथे साल, गवती चहा, काकडी असं हलकं काहीतरी शोभतं. डार्क रमला कॉफी, दालचिनी, संत्र्याची साल. व्हिस्कीला मी शक्यतो हात लावत नाही, तूप सोडून, ते खाली येतंच.

लेबलवरचा टक्का बघा. आपल्याकडे बनणाऱ्या बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ टक्के असतं, बाहेरच्या बऱ्याच ४० च्या असतात. दोन्ही चालतात. त्याखालचं नको, फळं घातल्यावर अजून पातळ होतं.

आणि पहिल्यांदा खंबा (पूर्ण बाटली) उघडू नका. हाफ आणा, म्हणजे ३७५ मिली, किंवा दोन क्वार्टर आणा आणि दोन वेगवेगळे प्रकार करा. खाली जवळपास सगळी मापं ३७५ मिलीचीच दिलीयेत.

लायसन्सवाल्या दुकानातूनच घ्या, सील बघून. ओळखीतला कुणीतरी सुटी आणून देतो, मिलिटरीची म्हणून देतो, असलं काही नको. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्यात मिथेनॉल होतं, आणि मिथेनॉल चवीवरून किंवा वासावरून आपल्याला ओळखता येत नाही. सॅनिटायझर, सर्जिकल स्पिरिट, पॉलिशचं स्पिरिट हे "स्ट्राँग अल्कोहोल आहे, चव जास्त उतरेल" म्हणून वापरणारे लोक आहेत, कृपा करून असं करू नका, त्यात पिण्यासाठी घातक गोष्टी मुद्दाम मिसळलेल्या असू शकतात आणि त्या गाळून निघत नाहीत.

भांडी काय लागतात?

घट्ट झाकणाची काचेची बरणी. प्लास्टिक नको, वास धरतं आणि देतं पण. लोणच्याची जुनी बरणी असेल तर झाकणाचा वास घेऊन बघा, हिंग-मेथीचा वास राहिला असेल तर ती यासाठी नाही. गरम पाण्याने धुवायची आणि पूर्ण कोरडी करायची. चहाची बारीक गाळणी, मलमलचा तुकडा, कॉफी फिल्टरचे कागद, सालकाढणं. आणि मास्किंग टेप, ज्यावर तारीख, वेळ, काय घातलं, किती घातलं हे लिहून बरणीला चिकटवायचं, कारण चार दिवसांनी कुणालाच काही आठवत नाही.

किती दिवस ठेवायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त गोष्टी इथेच बिघडतात. नेटवर बघितलं तर सगळीकडे "एक आठवडा अंधारात ठेवा" लिहिलेलं असतं, जे कशालाच धड लागू होत नाही. मिरची तासाभरात होते. चहा तासा-दोन तासांत. पुदिना, तुळस काही तासांत. कॉफीच्या बिया बारा ते अठरा तास. काकडी एक दिवस. गवती चहा एक दिवस. लवंग-वेलचीसारखे अख्खे मसाले एक ते दोन दिवस, लवंग तर त्याच्या आतच. आलं दोन-तीन दिवस. मऊ फळं दोन ते चार दिवस. लिंबू-संत्र्याची साल दोन ते चार दिवस. व्हॅनिलाची शेंग मात्र दोन-तीन आठवडे आरामात घेते.

कारण असं की चांगला वास आणि वरची चव आधी उतरते, आणि कडवटपणा, तुरटपणा, लाकडी चव मागून यायला लागते. म्हणजे एका क्षणानंतर तुम्ही जितकं ठेवाल तितकं नको ते जास्त येत जातं. शिवाय आपल्याकडची हवा. थंड देशातल्या रेसिपीत रूम टेंपरेचर म्हणजे वीस डिग्री, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये किचनमध्ये पस्तीस असतं, सगळं भराभर होतं, म्हणून वाचलेली वेळ निम्मी धरा आणि तिथपासून चाखायला लागा.

चाखायचं कसं ते पण सांगते, कारण नुसती व्होडका जिभेवर घेतली तर अल्कोहोलच इतकं झोंबतं की बाकी काही कळत नाही. एक छोटा चमचा इन्फ्युजन, दोन चमचे थंड पाणी, वाटीत मिसळा, आधी वास घ्या, मग चाखा. कॉकटेलमध्ये बर्फ आणि सोडा पडल्यावर साधारण असंच लागणार असतं. या पातळ केलेल्यात चव ठळक लागली की काम झालं.

मिरचीची व्होडका करायचीय, खूप तिखट होते

होणारच, कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये फार पटकन उतरतं. तिखटपणा बियांत असतो असं सगळे म्हणतात पण तो मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या पडद्यात असतो. तर दोन हिरव्या मिरच्या (जाड, कमी तिखट, पोपटी रंगाच्या असतात त्या, लवंगी नको) उभ्या चिरा, चमच्याच्या टोकाने आतला पांढरा भाग बियांसकट खरवडून काढा, फक्त हिरवी साल उरली पाहिजे, ती ३७५ मिलीत घाला. वीस मिनिटांनी पहिल्यांदा चाखा, मग दर दहा-पंधरा मिनिटांनी. तिखट जिभेवर उशिरा चढतं, म्हणून चाखल्यावर एक मिनिट थांबा आणि मग ठरवा. हिरव्या मिरचीचा तो ताजा, भाजीमार्केटसारखा वास आला आणि घशात हलकी ऊब आली की लगेच गाळा. बरणी समोर ठेवून बसायचं काम आहे हे, रात्रभर ठेवून झोपायचं नाही.

जास्त झालंच तर टाकू नका, साधी व्होडका घालून दुप्पट-तिप्पट करा. तिखटाला दुसरा उपाय नाही, साखर घालून ते झाकलं जातं फक्त.

हातमोजे घाला, आणि नंतर डोळ्याला हात लावू नका.

लिंबाची, संत्र्याची साल घातली तर कडू का होतं?

पांढरा भाग गेला म्हणून. सालकाढण्याने हलक्या हाताने फक्त वरचा रंगीत थर काढायचा, मागे पांढरं दिसलं तर सुरीने खरवडायचं. आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं असतं, त्याचा वरचा थर सुटा काढणं कटकटीचं काम आहे, त्यापेक्षा मोठं ईडलिंबू मिळालं तर घ्या, नाहीतर मोसंबी आणि नागपूरची संत्री. ३७५ मिलीला दोन संत्र्यांची साल भरपूर झाली. बाहेरून येणारी चकचकीत संत्री असतात त्यांना वरून मेण लावलेलं असतं, कोमट पाण्यात ब्रशने घासून पुसून घ्या.

सालीची व्होडका पाण्यात किंवा सोड्यात घातली की कधीकधी दुधाळ होते. घाबरू नका, खराब झालेली नाही. साल भरपूर घातलेली असते तेव्हा अल्कोहोलमध्ये विरघळलेलं तेल पाणी वाढलं की बारीक थेंबांनी बाहेर येतं, म्हणून ढगाळ दिसतं. तेल चांगलं उतरल्याची खूणच आहे ती.

हापूसचं होतं का?

होतं, आणि करायलाच हवं, पण धीर पाहिजे. वाशीच्या एपीएमसी फ्रूट मार्केटमध्ये मार्च ते मे नुसता घमघमाट असतो तेव्हा पूर्ण पिकून मऊ झालेला आंबा लोक यासाठी घेतात, तिथेच फसतं, कारण तो विरघळून अख्ख्या बरणीचा गाळ होतो. थोडा घट्ट, सुगंध आलेला पण दाबल्यावर खचत नाही असा घ्या. देठाकडचा चीक नीट धुवा, साल काढा, बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा. १५० ग्रॅम फोडी, ३७५ मिली व्होडका किंवा व्हाईट रम, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. बरणी हलवायची नाही, नुसती हळूच तिरकी करायची.

आता गाळणं. हेच खरं काम आहे. आधी गाळणीतून, मग मलमलमधून, आणि मलमलची पुरचुंडी बांधून भांड्यावर टांगून ते भांडं रात्रभर फ्रिजमध्ये, थेंब थेंब पडू दे. पिळायचं नाही. मला माहितीये हात शिवशिवतात, आत इतका ऐवज शिल्लक दिसतो, पण पिळलं की सगळा गर खाली येतो आणि व्होडका कायमची गढूळ होते. सकाळी खाली फिकट सोनेरी दिसेल, त्यात थोडा साका असेल तर बाटली उभी ठेवा, साका तळाला बसतो, वरचं हळूच ओतून घ्या. पूर्ण पारदर्शक होणार नाही आणि व्हायची गरजही नाही.

एक गणित लक्षात ठेवा. रसाळ फळात साधारण ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे १५० ग्रॅममधून सव्वाशे मिलीच्या आसपास पाणी व्होडकात येतं आणि ४२.८ ची ताकद ३२ टक्क्यांवर उतरते. याहून जास्त फळ कोंबलंत तर अजून खाली जाईल, आणि २० टक्क्यांच्या आसपास आलं की बुरशीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून फळांची सगळी इन्फ्युजनं फ्रिजमध्येच.

कोकम आणि जांभूळ?

माझी सगळ्यात आवडती दोन. कोकमासाठी सुकी आमसुलं घ्या, वीस ग्रॅम, ३७५ मिली जिन किंवा व्होडकात एक दिवस. आमसुलं खारवलेली असतात, चाखून बघा, फार खारट असतील तर पटकन पाण्यातून काढून, पुसून मग घाला. आगळ घालू नका, त्यात पाणी आणि मीठ दोन्ही फार. सकाळी घातलेलं संध्याकाळपर्यंत माणकासारखं लाल होतं, सोडा, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, सैंधव, बस्स.

जांभळं जूनमध्ये. बहाडोलीची, बदलापूरची टपोरी येतात, स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बायका बसतात त्यांच्याकडे ताजी असतात. बिया काढा, गर हाताने फाडून घाला, १५० ग्रॅम, दोन दिवस फ्रिजमध्ये. रंग पहिल्या दिवशीच येतो पण फसू नका, चव दुसऱ्या दिवशी येते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिभेला तुरट ओढ बसायला लागते ती नको.

चहा, कॉफी?

चहा ऑर्थोडॉक्स पानाचा घ्या, दार्जिलिंग वगैरे, दोन छोटे चमचे, तासभर, फार तर दोन. रोजच्या चहाची दाणेदार पावडर असेल तर पंधरा-वीस मिनिटांतच गाळा, अल्कोहोल टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) जोरात ओढतं. कॉफीच्या अख्ख्या भाजलेल्या बिया खलबत्त्यात नुसत्या फोडायच्या, पीठ नाही करायचं, तीस ग्रॅम, डार्क रममध्ये रात्रभर. सकाळी उठल्या उठल्या गाळायचं. इन्स्टंट कॉफीने हे होत नाही, ती नुसती विरघळते.

पुदिना, तुळस काळी पडते

पडते. धुऊन पूर्ण कोरडी करा, पानं दारूत बुडलेली पाहिजेत, उन्हात नको, आणि दोन ते चार तासांत बाहेर काढा. पुदिन्याचं खरं सांगायचं तर मी करतच नाही, कॉकटेलमध्ये ताजा पुदिना टाकलेला कधीही चांगला.

मसाले कुठले आणि किती?

कमी. आमटीत घालतो त्याहून कमी. ३७५ मिलीला दोन लवंगा, चार वेलदोडे फोडून, बोटभर दालचिनी, एक चक्रीफूल, आणि यातलं एका वेळी एकच. गरम मसाला एकदम बरणीत टाकला तर प्रत्येकाची वेळ वेगळी असल्याने लवंग पुढे जाऊन बाकीच्यांना खाऊन टाकते. वेगवेगळं करा आणि ग्लासमध्ये मिसळा, प्रमाण तुमच्या हातात राहतं.

तिरफळ मात्र जरूर करून बघा. मालवणी, कारवारी घरात बांगड्याच्या आमटीत घालतात ते. काळी बी काढून टाकायची, नुसती टरफलं, सहा-सात, जिनमध्ये चार-पाच तास. जिभेला बारीक मुंग्या येतात आणि मागून लिंबाच्या सालीसारखा वास, टॉनिक आणि मोसंबीच्या सालीबरोबर इतकं सुंदर लागतं की बाहेरचं कुठलंच महाग जिन आठवत नाही. जांभळी नाक्याला मसाल्याच्या जुन्या दुकानात मागा, पन्नास ग्रॅमची पुडी देतात. वाशीच्या मसाला मार्केटला एवढ्यासाठी जाऊ नका, तिथे मुख्य धंदा ठोकचा.

गॅसवर जरा गरम केलं तर पटकन होईल ना?

नका करू. ४० टक्के अल्कोहोलची वाफ साधारण २६ डिग्रीलाच पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे आपल्या किचनमध्ये मे महिन्यात ती तशीही तयारच असते, तुम्ही गरम करून अजून वाढवताय आणि शेजारी ज्योत. गाळताना, ओततानाही गॅस बंद, देवघरातला दिवा, उदबत्ती लांब. बंद बरणी गरम पाण्यात उकळणं पण नको, आत दाब वाढतो. घाई असेल तर बारीक चिरा आणि अधूनमधून हलवा, तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

साखर कधी घालायची?

गाळून झाल्यावर, चाखून. आधी घातली तर नेमकं किती उतरलं ते गोडात कळत नाही. साखर आणि पाणी सारख्या मापाने, पाक पूर्ण गार करून मग. मी तर बाटलीत घालतच नाही, ग्लासात घालते, कारण एकच व्होडका एका कॉकटेलला गोड हवी असते आणि दुसऱ्याला नाही.

काय अजिबात घालू नये?

तंबाखू. "स्मोकी फ्लेवर" म्हणून लोक विचारतात, निकोटिन अल्कोहोलमध्ये झपाट्याने उतरतं आणि जीवघेणं ठरू शकतं. धोत्रा, कण्हेर आणि न ओळखता येणारं कुठलंही रानफूल, येऊरच्या जंगलातून तोडून आणलेलं काहीही. फुलवाल्याकडचे गुलाब नको, त्यावर फवारणी असते, खायचे म्हणून विकतात ते सुके गुलाब घ्या. जायफळ चिमूटभरच, जास्त झालं तर त्रास होतो. जर्दाळूच्या बिया फोडून आतला कडू गर नको, त्यातून सायनाइड तयार होतं. सिंकोनाची साल आणून घरी टॉनिक करणं नको, क्विनीनचं प्रमाण घरी मोजता येत नाही.

पपनसाची साल किंवा गर घालून केलंत तर पाहुण्यांना आधी सांगा, कोलेस्टेरॉल-बीपीच्या काही गोळ्यांशी ते जुळत नाही. आणि गोळ्या चालू असतील तर तशीही दारूबद्दल डॉक्टरांना विचारलेलं बरं. गरोदर असाल तर नाहीच.

किती टिकतं? खराब झालं कसं कळेल?

मसाल्याचं आणि सुक्या सालीचं, नीट गाळलेलं, अंधारात सहा महिने सहज, नंतर वास हळूहळू फिका होतो. फळांचं फ्रिजमध्ये महिनाभर. मिरचीचं तसंच. चहाचं दोन-तीन आठवड्यांत संपवा. वरती तवंगासारखी बुरशी, केसाळ ठिपके, बुडबुडे, आंबलेला वास, झाकण उघडताना फस्स आवाज, यातलं काहीही दिसलं तर वरचं काढून खालचं वाचवायचा प्रयत्न करू नका, सगळं ओतून द्या. तळाला बसलेला साका मात्र चालतो.

कडू, तुरट झालंय, वाचवता येईल का?

तुरट असेल, म्हणजे चहा, जांभूळ वगैरेचं टॅनिन, तर दुधाने साफ करता येतं. दुधातलं केसीन टॅनिनला धरून ठेवतं. शंभर मिली फुल क्रीम दूध भांड्यात घ्या, त्यात चारशे मिली इन्फ्युजन ओता (दुधात दारू, उलटं नाही), थोडा लिंबाचा रस, दूध फाटेल, अर्धा तास हलवू नका, मग कॉफी फिल्टरमधून गाळा. पहिला थोडा भाग गढूळ येतो तो परत वरून ओता, त्याच चोथ्यातून गाळला की स्वच्छ येतो. ही पद्धत जुनी आहे, मिल्क पंचची (दुधाने साफ केलेलं दारूचं पेय) १७११ ची लिहिलेली रेसिपी आहे आणि बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली मित्राला पत्रातून आपली रेसिपी पाठवली होती. हे फ्रिजमध्येच ठेवा, आठवडाभरात संपवा. दुधाची अॅलर्जी असणाऱ्याला देऊ नका.

सालीच्या पांढऱ्या भागाचा कडूपणा असेल तर साध्या व्होडकाने पातळ करणं एवढंच हातात आहे.

तुपाची व्हिस्की खरंच लागते का चांगली?

फार चांगली. फॅट वॉश म्हणतात याला, २००७ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या पीडीटी बारमध्ये डॉन लीने बेकनच्या चरबीने बर्बन (अमेरिकन व्हिस्की) केली तेव्हा ही पद्धत गाजली. आपण साजूक तूप घेऊ. तीस ग्रॅम तूप वितळवून कोमट करा (गॅसपासून लांब आणून), ३७५ मिली व्हिस्की किंवा डार्क रममध्ये ओता, झाकण लावून खळखळून हलवा, तीन-चार तास बाहेर, मग रात्रभर फ्रीजरमध्ये. दारू गोठत नाही, तूप वर थापीसारखं गोठतं, त्याला चमच्याच्या दांड्याने भोक पाडा, खालचं कॉफी फिल्टरमधून गाळा, थंड असतानाच. चव खमंग आणि तोंडात रेशमी लागते, तूप खाल्ल्यासारखं तेलकट नाही. बेरी कढवून काढलेलं घरचं तूप असेल तर विचारूच नका. फ्रिजमध्ये ठेवायचं, तीनेक आठवडे.

मग कॉकटेल कसं करायचं?

साधं ठेवा, इतक्या मेहनतीने आणलेली चव दहा गोष्टींखाली पुरू नका.

मिरचीची व्होडका ४५ मिली, कैरीच्या पन्ह्याचा घट्ट गर ३० मिली, बर्फ, सोडा, कडेला मीठ. जांभूळ व्होडका ४५, लिंबाचा रस १५, पाक १५ ते २०, भरपूर बर्फ घालून शेक करून गाळायचं. गवती चहाची जिन आणि टॉनिक, वर मोसंबीची साल पिळून. कॉफीची रम ६० मिली, गुळाचा पाक एक छोटा चमचा, एक मोठा बर्फाचा तुकडा, संत्र्याची साल, हळूहळू प्यायचं पेय आहे हे.

एक काळजी घ्या. फळाचा, मसाल्याचा वास आला की दारू हलकी वाटते, हलकी होत नाही. ६० मिली, ४२.८ टक्के म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, कोकमाच्या लाल रंगात ते जाणवत नाही आणि माणसं सरबतासारखी पितात. मापाने ओता, मध्ये पाणी द्या, खायला द्या. गाडीची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, त्यामुळे घोडबंदर रोड असो की पाम बीच, स्वतः चालवत कुणाला परत पाठवू नका, रिक्षा नाहीतर कॅब.

गाळून उरलेल्या फळांचं काय करायचं? टाकवत नाही

आंब्याच्या फोडी, जांभळाचा गर यात भरपूर दारू मुरलेली असते. मोठ्यांसाठी आइस्क्रीमवर, किंवा साखरेबरोबर घोटून फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. पण घरात मुलं असतील तर मी म्हणेन टाकूनच द्या. फ्रिजमधली आंब्याच्या फोडींची वाटी बघून कुठलंही मूल "आंबा" म्हणून तोंडात टाकणार, आणि लहान मुलाला थोडीशी दारूही धोकादायक असते, रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. मुरत ठेवलेल्या बरण्यांचं पण तेच, कोकमाची जिन हुबेहूब सरबतासारखी दिसते, म्हणून लेबलवर मोठ्या अक्षरात "दारू आहे" लिहायचं आणि फ्रिजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात मागे ठेवायचं. कामाला येणाऱ्या ताईंना आणि घरातल्या आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेवा, उन्हातून आल्यावर थंडगार लाल काहीतरी दिसलं की कुणीही ग्लास भरून घेईल.